झोपेत उतरणारी बॅटरी

आडे तांडा, फुलसावंगी
२२ जानेवारी २०२५

चि. राखीस,

जय सेवालाल. अनेक आशीर्वाद.

तू वणीहून पाठवलेला लॅपटॉप १८ तारखेला सुखरूप पोचला. खोका दबलेला नव्हता, चिकटपट्टी शाबूत होती. अडतीस वर्षं मी लोकांची पार्सलं वाटली, पण माझ्या स्वतःच्या नावाचं पहिल्यांदाच आलं. सही करून झाल्यावर खोक्यावरचं नाव मी पुन्हा एकदा तपासलं.

तू म्हणशील, काका, फोन करायचा ना. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं जोडतो, असं तुझी काकी तांडाभर सांगत असते. तेव्हा पत्रच बरं.

आता तक्रार. आमच्या निवृत्त टपालवाल्यांच्या संघाची स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी मी आठवणी लिहायला घेतल्या आहेत. मथळा ठरला आहे, ‘अडतीस वर्षांत एकही पत्र चुकलं नाही’. सकाळी वीज असते तोवर लॅपटॉप चार्जरला लावतो. बारा वाजता वीज जाते ती सहाला येते. तेव्हा बॅटरी शंभरावर असते, मी डोळ्यानं बघतो. मग जेवण, मग एक ते सव्वातीन माझी झोप. साडेतीनला लिंबाखाली बसून झाकण उघडावं तर बॅटरी चाळीसवर. साडेचारला काळोख. तुझा दुकानदार आठ तास म्हणाला होता. हे आठ तास कुठल्या घड्याळातले?

आणखी एक. साडेतीनला त्याला हात लावला तर अंगात ताप असतो. काकीनं त्याच्यासाठी गोधडीसारखा जाड झोळा शिवला आहे, तिच्या जुन्या घागऱ्याचे आरसे आणि कवड्या काढून लावल्या आहेत. थंडी बाधली म्हणावी तर तसंही नाही. बाकी काकी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ‘मले काय करायचं त्याचं,’ म्हणते.

एक महिन्याच्या आत बदलून मिळतो असं पावतीवर छापलं आहे. उत्तर लवकर दे.

तुझा काका,
डोंगरसिंग आडे
(निवृत्त शाखा डाकपाल)


वणी
२५ जानेवारी २०२५

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र काट्यावर पोचलं. काट्यावर म्हणजे आमच्या ऑफिसात, जिथे कोळशाचे ट्रक तोलतात आणि मी कॉम्प्युटरवर वजन चढवते. पाकीट बघून सगळे गोळा झाले, कोर्टाची नोटीस आली समजून.

काका, आमच्याकडे ट्रक भरून निघाला आणि पुढच्या काट्यावर हलका भरला, तर आम्ही ट्रकला दोष देत नाही. वाटेत काय झालं ते बघतो. बॅटरीचंही तसंच. बदलून घ्यायची घाई करू नका.

आधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. वरच्या रांगेत सूर्याचं चित्र असलेली दोन बटणं आहेत, त्यातलं लहान सूर्याचं दाबायचं. दुसरं, झोळा फार सुंदर असणार, काकीच्या हातचा आहे, पण त्यात घातला की त्याचा श्वास कोंडतो. झोळा खुंटीवर लावा. तिसरं, सोबतच्या चिठ्ठीवर मी एक इंग्रजी ओळ लिहिली आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडते, तिच्यात ती जशीच्या तशी टाकली की लॅपटॉप स्वतःचा जबाब देतो, कधी जागा होता, कधी झोपला, सगळं तारखेवार. तो जबाब मला कळवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं झाकण लावलं तर तो बंद होत नाही, झोपतो. बॅटरी झोपेतच उतरते. म्हणून दुपारची झोप अजिबात नको. एवढं एक पाळा.

काकीला नमस्कार. तिला म्हणावं, होळीला येते.

तुमची,
राखी


आडे तांडा, फुलसावंगी
१ फेब्रुवारी २०२५

चि. राखीस,

आशीर्वाद. तुझ्या सूचनांचं तंतोतंत पालन केलं. अहवाल खालीलप्रमाणे.

उजेड. पहिले तीन दिवस साडेतीनला मी निम्म्यावर आणला. दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो पुन्हा पुरता भरलेला. मी आणतो, तो चढतो. अक्षरंही रातोरात फुगतात. मी बाजरीएवढी ठेवतो, उघडतो तर बोराएवढी.

झोळा. मी खुंटीला लावतो. उठून बघतो तर लॅपटॉप झोळ्यात. काकीला विचारलं तर म्हणाली, ‘धूळ बसते.’ एवढी काळजी माझ्या सायकलची कधी केली नाही.

जबाब. तुझी इंग्रजी ओळ टाकली. अठरा पानं आली. छापायची सोय नाही, म्हणून त्यातलं महत्त्वाचं हातानं उतरवून सोबत जोडलं आहे, दोन्ही बाजूंनी चार कागद. सारांश असा, की कारखान्यातून निघताना बॅटरीची जेवढी ताकद होती तेवढीच आज आहे. आणि हा लॅपटॉप रोज दुपारी एक वाजून पाच ते दहा मिनिटांनी आपणहून जागा होतो, आणि तीनला झोपतो. रविवारीसुद्धा. असा वक्तशीर कर्मचारी माझ्या हाताखाली कधी मिळाला नाही, पण तो काय काम करतो ते कळत नाही.

झोप. हे मात्र तू लाखातलं सांगितलंस. बॅटरी झोपेतच उतरते. मी ताडून पाहिलं, मी एकला झोपतो, ती उतरते. मी उठतो, ती थांबते. माझ्या झोपेशी तिचा काय संबंध ते मला उमगलं नाही, पण तू शिकलेली आहेस. ३० तारखेपासून दुपारची झोप बंद केली आहे. एक ते तीन खाटेवर ताठ बसून लॅपटॉपकडे बघत असतो. आश्चर्य म्हणजे बॅटरी एक टक्कासुद्धा उतरली नाही. डोळे मात्र चुरचुरतात आणि काकी विनाकारण भांडी आपटते.

लिखाण बरं चाललं आहे. दहा प्रकरणं झाली. अकरावं अडलं आहे. लिहितो आणि पुसतो.

तुझा काका,
डोंगरसिंग


तांडा
४ फेब्रुवारी

राखी बेटा,

हे पत्र मी लिवलं. कोणाले सांगून नाही लिवून घेतलं. मीच. हसू नको.

तू काकाले काय लिवून धाडलं? त्याइनं दुपारची झोप सोडली. आज सहा दिवस झाले. खाटेवर बसून लॅपटॉपवर पहारा देऊन राह्यले. मले वाचता येऊन नाही राह्यलं.

आता तुले सांगतो. लॅपटॉप आला त्याच्या दुसऱ्या दिशी ते जेवून घोरत होते. त्याइले ऐकू कमी येते हे बरं हाय. मी झाकण उघडलं. त्याइनं लिवलेलं समोरच होतं. मी लहानपणी तिसरीपावतर शाळेत गेलती, मंग बकऱ्या आल्या अन् शाळा गेली. पण ‘मी’ वाचता आलं. मंग ‘तांडा’ आलं. मंग ‘सायकल’. मले लय हासू आलं, एकटीच हासली.

तवापासून रोज एक ते तीन वाचतो. अंगणवाडीची पुष्पा एकला मोकळी होते, ती पाच मिनिटं येऊन जोडाक्षर सांगून जाते. अक्षर मोठं कराचं तिनंच शिकवलं. उजेड मीच वाढवतो, मले दिसत नाही त काय करू. वहीत तीच अक्षरं पाहून काढतो. म्हणून माहं अक्षर छापल्यावाणी दिसते.

काकाले काहून नाही सांगत, तू विचारशीन. लगन झालं तवा मी म्हटलं होतं, मले वाचाले शिकवा. ते म्हणे, ‘घरात अख्खं पोस्ट हाय, तुले कायले पायजे?’ मायं पत्र आलं का तेच वाचत. मायं पत्र धाडायचं त तेच लिवत. आता समजलं त ते रागावतीन नाही, ते मोठ्यानं वाचून दाखवतीन. मले त्याइच्या तोंडून नाही ऐकायचं. मले माया डोयानं वाचायचं हाय.

ते म्हणते लॅपटॉप परत करतो. तो गेला त मायं वाचणं बी गेलं. या वयात दुसऱ्यांदा शाळा सुटली त मंग नाही जमणार.

त्याइले झोपव कसंबी.

तुई काकी
बसंती

(उत्तर पुष्पाच्या नावानं धाड. घरी आलं त ते फोडून वाचतीन.)


वणी
८ फेब्रुवारी २०२५

काकी,

तुझं पत्र मी दुपारी ट्रकांच्या गर्दीत फोडलं. दोन ट्रक तसेच उभे राहिले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि आमच्या मॅनेजरला वाटलं घरून वाईट बातमी आहे. मी त्याला तुझं अक्षर दाखवलं.

चोर सापडला तो असा. काट्यावर एवढी वर्षं काम करून मला चार कागदांचा जबाब वाचूनही कळलं नाही, रोज एकला कोण जागं होतं ते. मला आधीच कळायला हवं होतं, काकी.

आता नीट ऐक. वाचून झालं की नुसतं झाकण लावू नकोस. डाव्या कोपऱ्यातल्या बटणानं पूर्ण बंद कर, पुष्पाताईला विचार, तिला ठाऊक असेल. आणि गरम असताना झोळ्यात कोंबू नकोस, त्यानंच ताप चढतो आणि त्या तापातच बॅटरी जाते. उजेड मात्र हवा तेवढा ठेव. वाचायला लागतो तेवढा उजेड कोणी कमी करायचा नसतो.

काकांना झोपवायची सोय सोबतच्याच टपालानं करते आहे.

तुझी,
राखी


वणी
८ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. चूक माझी. दुपारची झोप बंद करायची होती ती लॅपटॉपची, तुमची नाही. मी वाक्य अर्धवट लिहिलं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं जोडलं.

तुम्ही झोपायचंच आहे. एक ते सव्वातीन, जसं आधी होतं तसं, न चुकता. तुमच्या वयात दुपारची झोप मोडली तर रक्तदाब वाढतो. आणि पहाऱ्याचा उपयोगही नाही, यंत्राकडे टक लावून बघितलं म्हणून ते सुधारत नाही.

जबाब मी सगळा वाचला. तुमचं अक्षर अजून तसंच मोत्यासारखं. बॅटरीत दोष नाही, काका. दुकानात नेऊ नका. मी होळीला येऊन समक्ष बघते, तोवर आहे तसा चालू द्या. माझ्यावर विश्वास ठेवा.

तुमची,
राखी


आडे तांडा, फुलसावंगी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. राखीस,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं आणि काल दुपारी मी दोन तास वीस मिनिटं झोपलो. काकीनं स्वतः खाटेवर चादर अंथरून दिली. ‘झोपा आता, डोये लाल झाले,’ म्हणाली. लग्नानंतर इतक्या मायेनं तिनं मला कधी झोपवल्याचं आठवत नाही.

परिणाम असा, की ताप उतरला आहे. साडेतीनला लॅपटॉप थंडगार, पूर्ण बंद, झोळा खुंटीवर. बॅटरी सत्तरवर. पाच वाजून गेले तरी चालला.

तरीही मी १७ तारखेला, सोमवारी, तो घेऊन यवतमाळला कंपनीच्या दुकानात जाणार आहे. त्या दिवशी महिना संपतो. राग मानू नकोस. तीस टक्के कुठे जातात याचा हिशोब लागत नाही. तुझी इंग्रजी ओळ मी पुन्हा टाकली. एक वाजून सात मिनिटांनी जागा, दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी बंद. मी टपालखात्यातला माणूस आहे. माझ्या ताब्यातली वस्तू माझ्या डोळ्यांआड कुणी उघडतं, हे मला सहन होत नाही. मग ते यंत्र स्वतः असलं तरी.

अकरावं प्रकरण परवा एकदाचं लिहून झालं. ते स्मरणिकेला पाठवणार नाही. त्यानं मथळाच खोटा पडतो. पण लिहिलं, बरं वाटलं. घरात ते वाचणारं कोणी नाही, म्हणूनच लिहिता आलं असावं.

होळी जवळ आली, तांड्यात लेंगीची गाणी सुरू झाली. संध्याकाळी डफ वाजतो, तो मात्र मला ऐकू येतो.

तुझा काका,
डोंगरसिंग


तांडा
१३ फेब्रुवारी

श्री. डोंगरसिंग आडे यांस,

तुमचं नाव मी लगनापासून तोंडातून काढलं नाही. पण पाकिटावर नाही लिवलं त पोस्टमन कोणाले देईन? तीन पाकिटं बिघडवली. ‘ड’चं पोट येत नव्हतं.

एकाच घरात राहून पत्र धाडून राह्यली. पोस्टाचा शिक्का बसला का गोष्ट पक्की होते, असं तुमीच म्हणता.

लॅपटॉप दुकानात नेऊ नका. त्याले काही झालं नाही. एक ते तीन मी होती.

मी वाचतो. तुमी लिवलेलं सारं वाचलं. पुरात सायकल डोक्यावर घेतली ते वाचलं. कुत्रं चावलं ते वाचलं, त्यात तुमी कुत्रं मोठं केलं, ते लहान होतं. मंग काल अकरावं प्रकरण उघडलं. कालचा अन् आजचा, दोन दिवस लागले.

त्यात लिवलं हाय, सन १९८९ मंदी माह्या रामलालदादाचं पत्र आलं. ‘बाईले लेंगीले धाडा, महिनाभर राहू द्या.’ अन् तुमी मले वाचून दाखवलं, ‘इकडे गोवराची साथ हाय, येऊ नको.’

गोवर म्हणे. मी भावाच्या लेकरायसाठी सहा दिवस एक वेळ जेवली. नारळ फोडला. दादा अजूनबी म्हणते, बोलावलं तवा आली नाही. मी म्हणतो, तूच येऊ नको म्हटलं. आमी दोघं बहीणभाऊ छत्तीस वर्षं एकमेकाले खोटं समजून राह्यलो. गेली त दोन दिवस गेली अन् तोंड फुगवून आली.

मले राग आला. लय राग आला. तुमी खाटेवर घोरत होते, तवा वाटलं झोळाच तोंडावर टाकावा. मंग त्याखालची ओळ वाचली. ‘ती गेली असती तर मला घरात करमलं नसतं.’ मी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. त्या ओळीत अवघड अक्षर नाही. लवकर वाचता आली. चार वेळा वाचली.

पण राग हायच.

म्हणून मी दिग्रसले दादाकडे चालली. शनिवारी सकायच्या बसनं. हे पत्र तुमच्या हाती पडीन तवा मी बसमंदी असीन. लेंगी करून, होळी करून, महिना पुरा करून येईन. गोवर गेला असंन आता.

भाकर कशी कराची ते लॅपटॉपात लिवून ठेवलं हाय. फाईलीचं नाव बसंती. पीठ डाव्या डब्यात.

बसंती


आडे तांडा, फुलसावंगी
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. बसंतीस,

तुझं पत्र शनिवारी साडेअकरा वाजता मिळालं. संघदीप पोस्टमन दारातच उभा राहिला. पाकीट उलटसुलट करून म्हणाला, ‘काका, अक्षर कोणाचं हाय हो?’ पाकीट बघून कुणाच्या हातचं ते सांगणारा मी, मला माझ्याच घरातलं अक्षर ओळखता आलं नाही. याची मला लाज वाटली.

तू वाचायला शिकवा म्हणाली होतीस, ते मला आठवतं. मी काय उत्तर दिलं तेही आठवतं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. तुला वाचता आलं असतं तर त्या पत्राचं काय झालं असतं, ही भीतीही नंतर होतीच. ती मी कुणाला सांगितली नाही, आज तुला लिहितो आहे.

सोबत रामलालचं १९८९ सालचं अंतर्देशीय जोडलं आहे. मी ते फाडलं नव्हतं, पेटीच्या तळाशी होतं. पत्ता तुझ्या नावाचा आहे. छत्तीस वर्षं उशिरा पोचवतो आहे. शाई फिकी झाली आहे, उजेडात धरून वाच. दादाला दाखव आणि सांग की खोटं तो नव्हता, तूही नव्हतीस. तो मला शिव्या देईल, त्या जशाच्या तशा मला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

अकरावं प्रकरण स्मरणिकेला पाठवलं. मथळा बदलला, ‘अडतीस वर्षांत एक पत्र चुकलं’. कुत्रं लहान केलं आहे.

लॅपटॉप दुकानात नेला नाही. सोमवार आला आणि गेला. राखीला सगळं कळवलं, तर तिचं उत्तर आलं की तिला आधीच माहीत होतं. तुम्ही बायका टपालखात्यापेक्षा जास्त गुप्तता पाळता.

भाकरीची फाईल रोज उघडतो. तू लिहिलंस, ‘पाणी हाताले समजते तेवढं घ्या’. माझ्या हाताला अजून समजलं नाही. पहिल्या दिवशीची भाकर लिंबाखालच्या कुत्र्यानंही हुंगून सोडली. पण फाईल मी भाकर झाल्यावरही उघडी ठेवतो.

बॅटरी आता साडेसात तास टिकते. दुकानदार खरं बोलला होता. साडेतीनला उघडतो तर शंभर. संध्याकाळी दिवे लागले तरी उतरत नाही. उजेड मी ठेवतो तिथेच राहतो, अक्षरं बाजरीएवढीच. काही बिघाड नाही, आणि मला ते बघवत नाही.

महिना पुरा करून ये. एक दिवसही कमी करू नकोस, तो तुझाच आहे. आलीस की रोज दुपारी एक ते तीन मी झोपलेला असेन. झोप आली नाही तरी.

पत्र पोचल्याची पोच दे. तुझ्या हातची.

तुझा,
डोंगरसिंग